लोखंड आभाळातून आलं. ताटात कधी येणार?

शाबानचा महिना होता. जुम्म्याची नमाज पढून घरी आलो आणि मोबाईल उघडला, तर मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक क्लिप फिरत होती. कोट-टाय घातलेले एक वक्ते फळ्यावर आकडे मांडून सांगत होते : कुरआनची ५७वी सूरह 'अल-हदीद', म्हणजे लोखंड. 'अल-हदीद' या शब्दाची अबजद पद्धतीने बेरीज केली तर येते ५७. नुसता 'हदीद' धरला तर २६, आणि लोखंडाचा अणुक्रमांकही २६. लोखंडाचा एक समस्थानिक आहे, त्याचा भारांक ५७. शिवाय लोखंड पृथ्वीवर तयार झालंच नाही, ते ताऱ्यांतून आलं; आणि कुरआनने ते 'उतरवलं' असं चौदाशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं. क्लिपखाली 'सुबहानल्लाह'ची रांग लागली होती.

त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, दवाखान्यात भरती केलं होतं. वय ३८, तीन बाळंतपणं झालेली. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडली. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ६.२. दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला आणि भाईजानना बाजूला घेऊन एकच विचारलं, "एवढं कमी होईपर्यंत घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी ग्रुपवर लिहिलं, "५७चा हिशेब नंतर करू. आपल्यापैकी किती जणांना आपल्या घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन माहीत आहे?" बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, "भाई, टॉपिक मत बदलो."

मी टॉपिक बदलला नव्हता. टॉपिक लोखंडच होता. हा लेख त्या भाईला उत्तर म्हणून लिहितो आहे.

चमत्काराचा हिशेब

आधी क्लिपबद्दल, कारण त्यावर न बोलता पुढे गेलो तर लोक म्हणतील, उत्तर नव्हतं म्हणून टाळलं.

लोखंडाचे निसर्गात चार स्थिर समस्थानिक सापडतात : ५४, ५६, ५७ आणि ५८. जगातल्या लोखंडापैकी सुमारे ९२ टक्के लोखंड ५६ भारांकाचं आहे. ५७ भारांकाचं जेमतेम दोन टक्के. म्हणजे वक्त्यांनी शंभरातले दोन उचलले आणि ब्याण्णव लपवले. सूरह ५६वी असती तर ५६ उचलला असता, ५८वी असती तर ५८. ज्याला कुठलाही आकडा चालतो, त्याच्या हिशेबाला हिशेब म्हणत नाहीत.

राहिलं 'उतरवलं'. लोखंडाचे अणू ताऱ्यांच्या पोटात तयार झाले हे खरं. पण आपल्या हाडांतलं कॅल्शियम आणि श्वासातला ऑक्सिजनही तिथेच तयार झाला. शिवाय कुरआनमध्ये हाच शब्द कपड्यांसाठी आला आहे, गुराढोरांच्या जोड्यांसाठीही आला आहे. शर्ट आभाळातून पडला, बकरी ताऱ्यातून आली, असं कुणी म्हणत नाही. तिथे आपण सरळ समजतो, की ही अल्लाहने दिलेली देणगी आहे. मग लोखंडापाशी आल्यावर आपल्याला उल्का कशाला लागते? उल्केच्या लोखंडाची ओळख तर माणसाला त्याच्याही कितीतरी आधी होती. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातला खंजीर उल्केच्या लोखंडाचा आहे, हे २०१६ साली तपासून सिद्ध झालं. आणि तो राजा इसवी सनाच्या १३०० वर्षांहून अधिक आधीचा.

माझा ईमान आकड्यांच्या जुळवाजुळवीवर उभा नाही, तुमचाही नसावा. पण माझी खरी तक्रार विज्ञानाची नाही. ज्या आयतीच्या नावाने हे सगळं चाललंय, ती आयत कुणी पुरती वाचतच नाही. ती सुरूच लोखंडापासून होत नाही. आधी पैगंबर येतात, मग किताब येते, मग तराजू येतो. हे सगळं कशासाठी, तर माणसांनी न्यायाने वागावं म्हणून. त्यानंतर लोखंड येतं, त्याची जबर ताकद येते आणि लोकांसाठी असलेले त्याचे फायदे येतात. आधी तराजू, मग लोखंड. आणि हीच सूरह पुन्हा पुन्हा सांगते की तुम्हाला दिलेल्यातून खर्च करा, हात आखडू नका.

म्हणजे सूरह हदीद वाटपाबद्दल बोलते. आपण तिच्यातून अणुक्रमांक काढला आणि तराजू तिथेच ठेवून दिला.

मी भिंगारचा. आमच्या गावाला लागून लष्कराचा कॅम्प आहे, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लहानपणापासून लोखंडाची ताकद म्हणजे काय ते आम्ही रस्त्यावरून धडधडत जाताना पाहिलं आहे. बाहेरच्यांना भिंगार म्हटलं की आलमगीर आठवतो. १७०७ साली त्याचा इंतकाल इथे झाला, आणि त्यावरून आजही टीव्हीवर भांडणं लागतात. ती भांडणं करायला लोकांना वेळ आहे, समस्थानिक मोजायला वेळ आहे. पण आयतीतला तो भाग, लोकांसाठी असलेला फायदा, आमच्या गल्लीतल्या बायकांच्या रक्तात किती उतरला, ते मोजायला कुणाला वेळ नाही.

५७ हवाच असेल तर हा घ्या

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. ५७. कुठलीही बेरीज-वजाबाकी न करता. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्के. त्याआधीच्या फेरीत तो ४८ होता, म्हणजे वाढला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये महाराष्ट्रात जवळपास ६९ टक्के. आणि त्याच महाराष्ट्रातल्या पुरुषांमध्ये? सुमारे २२ टक्के.

या आकड्यांवर तज्ज्ञांमध्ये वाद आहे, तोही सांगतो. सर्वेक्षणात बोटाच्या टोकातून रक्त घेतात. शिरेतून घेतलं तर प्रमाण कमी भरतं, असं अनेकांचं म्हणणं आहे. समजा, त्यांचं खरं आहे. समजा, आकडा निम्मा आहे. तरी तुमच्या घरात आई, बायको, बहीण आणि मुलगी अशा चौघी असतील, तर त्यातल्या एकीचं रक्त कमी आहे. कोणाचं, ते तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं.

बायकांमध्ये जास्त आणि पुरुषांमध्ये कमी, यात काही भाग निसर्गाचा आहे, तो नाकारून चालणार नाही. शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं जवळपास दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असतं, आणि ते फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोहोचवतं. लोह बाहेर टाकायची वेगळी सोय शरीरात नाही. जुनं लोह मोडून ते पुन्हा वापरलं जातं. पुरुषाचं दिवसाला साधारण एक मिलिग्रॅम जातं, तेवढं भरून काढलं की झालं. बाईचं पाळीत जातं, गरोदरपणात बाळाला जातं, बाळंतपणात सांडतं. एका गरोदरपणाला साधारण १००० मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं. म्हणून आपल्या आयसीएमआरने रोजच्या आहारातून पुरुषाला १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह मिळावं असं ठरवून दिलं आहे. म्हणजे तिला दीडपट हवं.

तिला दीडपट हवं हे निसर्गाचं. तिला निम्मं मिळतं हे आपलं. आता त्या निम्म्याबद्दल बोलू.

कलेजी कोण खातं?

बकरी ईदची सकाळ डोळ्यांपुढे आणा. ईदगाहवरून आलो, कुर्बानी झाली. सगळ्यात आधी चुलीवर काय चढतं? कलेजी. बायका पहाटेपासून उठलेल्या, मसाला वाटून तयार. कलेजी तव्यावर परतली की ताट बाहेरच्या खोलीत जातं. आधी अब्बा, चाचा, मामू. मग आम्ही पोरं. मग आलेले-गेलेले. आतल्या खोलीत पोहोचतो तो तव्याला लागलेला मसाला, आणि त्याला पाव पुसून खाणारी आई.

खाण्याच्या वस्तूंमध्ये शरीराला सहज घेता येणारं लोह ज्यांत सर्वांत जास्त आहे, त्यांत कलेजी अगदी वरच्या रांगेत. वाहतं रक्त हराम, पण कलेजी आणि तिल्ली हलाल, असं हदीसच्या आधाराने आपल्याला लहानपणी शिकवलं जातं. लोह साठवणारे हेच तर अवयव. ते आपल्याला हलाल करून दिले, आणि आपण घरातल्या बायकांवर ते जवळजवळ हराम करून ठेवले. कुणी फतवा काढला नाही. फक्त आधी मर्दांनी खायचं, एवढा रिवाज पुरला.

मी इतकी वर्षं ती कलेजी खाल्ली. एकदाही आत जाऊन विचारलं नाही. आपा दवाखान्यात असताना मी तिला विचारलं, "आपा, तू कलेजी खातेस ना ईदला?" ती हसली. म्हणाली, "मला आवडत नाही रे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आवडते की नाही, ते कधी कळलंच नाही."

रोजच्या जेवणाचंही तेच. सालनातल्या बोट्या मोजून असतात. पहिला दस्तरख्वान मर्दांचा. "मर्दां खा लेन दे पैले," हे वाक्य मी आजीच्या तोंडून ऐकलं, आईच्या तोंडून ऐकलं, आणि आता माझ्या भाचीच्या तोंडून ऐकतो. शेवटी बायका बसतात तेव्हा शोरबा उरलेला असतो आणि बटाटा. त्यावर कपभर चहा.

मला अजून एक गोष्ट आठवते, तिची मला आज लाज वाटते. आपा लग्नाआधी लपून पाटीवरची पेन्सिल खायची. कोरडे तांदूळ चघळायची. आम्ही भाऊ तिला चिडवायचो, "खडू खानेवाली." माती, पेन्सिल, कोरडे तांदूळ, बर्फ असलं काहीतरी खावंसं वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. तिचं शरीर वीस वर्षांपूर्वी ओरडून सांगत होतं आणि आम्ही हसत होतो. लग्नानंतर थकवा वाढला तेव्हा कुणीतरी टॉनिकची बाटली लिहून दिली, 'कमजोरी आहे' म्हणाले. रक्त तपासायला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आणि मर्द? लोखंडाची महती मर्दांना फार आधीपासून ठाऊक आहे. युनानीतला 'कुश्ता फौलाद' म्हणजे लोखंडाचंच भस्म. रक्त कमी असलेल्यांसाठीही ते सांगितलं जातं, पण बाजारात त्याची जाहिरात कशाची असते ते सगळ्यांना माहीत आहे. लोखंडाची पुडी नवऱ्याने मर्दानगीसाठी आणायची, आणि घरात जिला लोखंडाची खरी गरज तिने पेन्सिल खायची. (असली न तपासलेली भस्मं कुणीच खाऊ नयेत, ते वेगळं.)

'पण बैलबंदी?'

इथे काही वाचक म्हणतील, सगळा दोष समाजाला कशाला? सरकारने गरिबाच्या ताटातलं स्वस्त मटण काढून घेतलं, त्याचं काय?

त्याचं बरोबर आहे. गोवंशातल्या गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल-वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारी कलमं मात्र रद्द केली. म्हशीवर बंदी नाही, पण रस्त्यात गाडी अडवणारे म्हैस की बैल हे विचारून मारत नाहीत. 'बड्याचं' हे मुसलमानांचं, दलितांचं, अनेक गरिबांचं लोह, जस्त आणि बी-१२ होतं. बोकडाच्या मटणाचा भाव ऐकून मजूर माणूस आता हाडं आणि चरबी घेऊन परततो. हा कायदा करताना लोकांच्या ताटात त्याऐवजी काय येणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. पोषणाच्या गप्पा मारणाऱ्या सरकारने विचारायला हवा होता.

अंड्याचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकवर्गणीतून द्यावं म्हणाले. अंड्यात लोह फार नसतं, आणि असतं तेही शरीर कमी घेतं, हे मान्य. पण वाढत्या मुलाला रक्त बनवायला नुसतं लोह पुरत नाही. प्रथिनं लागतात, बी-१२ लागतं, ते अंड्यात आहे. ज्या राज्यात शंभरातल्या ६९ लहान मुलांचं रक्त कमी भरतं, तिथे आठवड्याचं एक अंडं परवडत नाही?

सरकारशी हे भांडण करायलाच हवं. पण एक प्रश्न स्वतःला विचारा. २०१५च्या आधी, बड्याचं स्वस्त होतं तेव्हा, आपल्या घरातल्या बायकांना ते पोटभर मिळत होतं का? आपाने पेन्सिल खाल्ली ती बैलबंदीच्या कितीतरी आधी. घरात रोज सालन शिजायचं तेव्हा. कायद्याने ताट लहान केलं. त्या ताटातला तिचा वाटा त्याआधीच लहान होता. सरकारकडे बोट दाखवताना हा दुसरा हिशेब बुडवायचा नाही.

गरिबीचं कारणही मी अर्धंच मान्य करतो. वलीम्याला पाचशे माणसांची बिर्याणी घालणाऱ्या घरात नव्या सुनेचं रक्त तपासायला पैसे नसतात, हे मला कुणी सांगू नये. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते.

चहा, गोळी आणि अफवा

नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ मौलाना आझाद कैदेत होते. तिथून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी चहावर जे प्रेम केलंय, ते वाचून कुणालाही तलफ यावी. किल्ला आमच्या भिंगारपासून फार लांब नाही, आणि चहाचं ते प्रेम आमच्या घराघरात आहे. मौलाना दूध न घालता पीत, आम्ही दूध आटवून पितो. पण जेवणाबरोबर किंवा जेवून लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह अडवतो. चहातले टॅनिन लोहाला धरून बसतात आणि ते आतड्यातून आत जात नाही. मटणातलं लोह त्यातून बरंचसं निसटतं. डाळ, भाजी आणि भाकरीतलं मात्र चांगलंच अडकतं. म्हणजे ज्या बाईच्या वाट्याला बोटी येत नाही, जिचं सगळं लोह डाळ-भाकरीचं आहे, तिलाच चहा सर्वांत जास्त नडतो. आणि शेवटी जेवून थकलेल्या त्याच बाईला तो कप सर्वांत जास्त हवा असतो.

चहा सोडा असं मी म्हणत नाही. मलाच जमणार नाही. जेवणानंतर तास-दीड तास थांबा. जेवताना लिंबू पिळा, कच्चा टोमॅटो, पेरू, आवळा काहीही आंबट खा. क जीवनसत्त्वाने डाळ-भाकरीतलं लोह जास्त शोषलं जातं. भाजी लोखंडी कढईत करा. एवढं फुकट आहे.

आता गोळीबद्दल. १९७० पासून या देशात गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम चालू आहे. २०१८च्या 'ॲनिमिया मुक्त भारत'मध्ये गरोदर बाईला १८० दिवस रोज एक लाल गोळी, शाळकरी मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. पाचव्या सर्वेक्षणात देशभरात १८० दिवस गोळ्या खाल्लेल्या गरोदर बायका होत्या २६ टक्के. बाकीच्यांच्या गोळ्या कुठे गेल्या? माळ्यावर, कपाटात, कचऱ्यात. त्यात सरकारी पुरवठ्याचा दोष आहे. गोळीने मळमळ होते, शौच काळी होते, हे आधी कुणी समजावून सांगत नाही, तोही दोष आहे. पण आपल्या गल्ल्यांत अजून एक गोष्ट चालते, तिला नाव द्यायला हवं : अफवा. गोळीने बाळ काळं होतं. गोळीने बाळ इतकं मोठं होतं की पोट फाडावं लागतं. सरकारी गोळी आहे, आपली लोकसंख्या कमी करायला दिली आहे. आशाताई दारात येते, आपण गोळ्या घेतो, 'हो हो' म्हणतो, आणि ती वळली की पाकीट माळ्यावर.

रेशनवर आलेल्या पोषणयुक्त तांदळाचंही तसंच. त्यात शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून बनवलेला असतो. तो दिसायला किंचित वेगळा असतो. 'प्लास्टिकचा तांदूळ' असा व्हिडिओ फिरला, आणि बायका तासभर बसून नेमके तेच दाणे निवडून फेकायला लागल्या. ज्या मोबाईलवर सूरह हदीदचा चमत्कार येतो, त्याच मोबाईलवर हेही येतं. लोखंड कौतुकाने फॉरवर्ड करायचं आणि सुपात आलेलं लोखंड फेकून द्यायचं.

रमजानमध्ये गोळी बंद ठेवायचीही गरज नाही. इफ्तारनंतर, चहाच्या आधी, लिंबाच्या शरबताबरोबर घेता येते. आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला त्रास होत असेल तर रोजा पुढे ढकलायची सवलत शरीयतने दिली आहे. अल्लाहने दिलेली सूट सासूने काढून घेऊ नये.

सगळा रक्तक्षय लोहाचाच असतो असंही नाही. बी-१२ कमी असतं, जंत असतात, कधी थॅलेसेमिया मायनर असतो. आपल्यात चुलत-मावस नात्यात लग्नं होतात. दोघांतही थॅलेसेमियाचा दोष लपलेला असेल तर मूल गंभीर आजारी निघू शकतं. म्हणून महिनाभर गोळी घेऊन हिमोग्लोबिन हललंच नाही, तर पुढची तपासणी करून घ्या. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने मूठभर गिळल्या तर जिवावर बेततं.

उपाय तव्यावर होता

मटण महाग, अंडं बंद, मग खायचं काय? याचं एक उत्तर आपल्या जिल्ह्यातच सापडलं आहे आणि आपल्यालाच ते माहीत नाही.

बाजरी. नगरच्या माणसाला बाजरी शिकवायची गरज नाही. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून 'धनशक्ती' नावाचं जास्त लोह असलेलं बाजरीचं वाण आलं, आणि २०१४ साली ते देशभरासाठी अधिसूचित झालं. ही बाजरी खाऊन खरंच फरक पडतो का, हे पाहण्याचा प्रयोग नगर जिल्ह्यातल्याच वसतिगृहात राहणाऱ्या शाळकरी मुलामुलींवर झाला. १२ ते १६ वयाची २४६ मुलं. निम्म्यांना साध्या बाजरीची भाकरी, निम्म्यांना जास्त लोहाच्या बाजरीची, दिवसातून दोनदा. चार महिन्यांत दुसऱ्या गटाच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांच्यातली कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटात ६४ टक्क्यांनी जास्त निघाली. २०१५ साली हा अभ्यास छापून आला. जगभरातले पोषणतज्ज्ञ त्याचा दाखला देतात. आमच्या ग्रुपवर तो कधी आला नाही.

आणि आपण काय केलं? भाकरी 'गावठी' म्हणून खाली ठेवली. पाहुणे आले की नान, परोटा, बेकरीची खारी, मैद्याचा पाव. शहाणपणाने लोह असलेलं धान्य सोडून आपण मैद्याकडे गेलो. भाकरी करायला वेळ आणि ताकद लागते हे खरं; ती कोणी थापायची, हाही प्रश्न आहेच. पैगंबर घरकामात हात लावत, हे आपण वाजमध्ये ऐकतो. ऐकून घरी येतो आणि पाणी मागतो.

मागणं एवढंच

मशिदींच्या आणि जलशांच्या कमिट्यांना माझं सांगणं आहे. वक्त्यांना बोलवा, जरूर बोलवा. पण त्याच मंडपात एक टेबल टाका. सरकारी दवाखान्याला पत्र द्या, ते माणसं पाठवतात. बोटाला सुई टोचून बायकांचं आणि मुलींचं हिमोग्लोबिन मोजा. गरोदर नसलेल्या बाईला १२ आणि गरोदर बाईला ११, याच्या खाली आलं तर रक्त कमी. ही दोन संख्या मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लिहून ठेवा. निकाहच्या वेळी मेहर किती ते आपण सगळ्यांसमोर विचारतो. त्याच्या महिनाभर आधी दोघांचं रक्त तपासलं का, तेही विचारा. जुम्म्याच्या बयानात मौलानांनी एकदा सांगावं, की गोळीत काही हराम नाही आणि तिने बाळ काळं होत नाही. आशाताईचं शंभर वेळा ऐकलं जाणार नाही ते मौलानांचं एकदा ऐकलं जाईल. ही ताकद त्यांच्याकडे आहे. न वापरली तर तिचाही हिशेब द्यावा लागेल.

आणि घरात, एक गोष्ट. दस्तरख्वान एकच टाका. सगळे एकत्र बसा. जागा नसेल तर गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि वयात येणाऱ्या मुलीचं ताट आधी वाढा. याला सरकारी योजना लागत नाही, पैसे लागत नाहीत, कुणाची परवानगी लागत नाही.

आपा आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत, गेल्या तपासणीत ११.४ आलं. यंदाच्या बकरी ईदला मी तव्यावरून उतरलेली कलेजी आधी आत नेली. आईला वाटलं मी काहीतरी विसरलो म्हणून आत आलो. तिने ताट परत माझ्या हातात दिलं, "बाहर लेजा, मेहमान बैठे." मी खाली बसलो. आई, आपा, भाची, मी, चौघांनी त्याच ताटात खाल्लं. बाहेर चाचा दोनदा ओरडले. आपाला कलेजी आवडते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिलाही.

ग्रुपवरच्या त्या भाईला एवढंच म्हणायचं आहे : क्लिप पुढे पाठवायच्या आधी घरात जाऊन एक आकडा विचारून या. तो ५७ नसेल. १२च्या वर असावा, अशी दुआ करतो. खाली असेल, तर मग बोलू, सूरह हदीदबद्दल.